उदरवेधी जखमा आणि शस्त्रक्रियेचा संयम
पोटात शस्त्र शिरले की उदर उघडावयाचेच, हा पहिल्या महायुद्धात रूढ झालेला दंडक १९६० साली ब्रुकलिनचे शल्यचिकित्सक जेराल्ड शाफ्टन यांनी शिथिल केला. पुष्कळशा भोसकल्या जखमा पर्युदर भेदीतच नाहीत. भेदले तरी आतडे अनेकदा बचावते. मात्र रक्तदाब ढासळणे, पर्युदरशोथ वा आतडे बाहेर येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब नको. एरव्ही शक्यतो एकाच अनुभवी हाताने चोवीस तास पोट वारंवार तपासावयाचे, आणि शस्त्रक्रियागृह शेजारीच सज्ज हवे. (ही अट सहसा विसरली जाते!) म्हणून लिंबागणेशसारख्या गावी बैलाचे शिंग लागलेल्यास, छिद्र लहान असले तरी, 'निरीक्षणाखाली' ठेवून घेऊ नये. तोंडाने काही न देता, जखम स्वच्छ ओल्या कापडाने झाकून, त्यास बीड वा अंबाजोगाईच्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.