दातांचे शिवशिवणे व त्यावरील उपचार

थंड पाण्याचा घोट घेताच दातातून एक तीव्र सणक जाते आणि काही क्षणांतच विरून जाते. ती टाळण्यासाठी पुष्कळ लोक त्या बाजूने चावणे सोडून देतात आणि तेथे ब्रशही लावीत नाहीत. परिणामी त्या जागी कीटण साचते, हिरड्या सुजतात आणि विकार अधिकच बळावतो.

दाताच्या दर्शनी भागावर एनॅमलचे कठीण कवच असते. मुळावरचे आवरण मात्र अतिशय पातळ असते. या दोहोंच्या आत डेंटिन नावाचा थर असतो. त्यात द्रवाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म नलिका असून एका चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या हजारोंनी भरते. हिरडी मागे सरली किंवा कवच झिजले की या नलिकांची तोंडे उघडी पडतात. थंडीने अथवा वाऱ्याच्या झोताने आतील द्रव हलतो व दाताच्या गाभ्यातील मज्जातंतू चेतवले जातात, असे स्पष्टीकरण स्वीडनमधील शास्त्रज्ञ मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात प्रयोगांच्या आधारे मांडले. आजही तेच सर्वाधिक ग्राह्य मानले जाते.

म्हणूनच दंतवैद्य प्रथम हवेचा बारीक झोत सोडून दुखरी जागा शोधतो. कीड, दाताला गेलेला तडा किंवा सैल झालेला भराव यांमुळेही अशीच कळ येते. थंडाचा स्पर्श संपल्यावरही वेदना बराच वेळ रेंगाळत असेल, किंवा रात्री ती आपोआप उद्भवत असेल, तर गाभ्यालाच दाह झाल्याची शंका येते. अशा दाताला वरवरचा लेप लावणे म्हणजे रोग झाकून ठेवणे होय.

असे कोणतेही कारण न आढळल्यास सौम्य उपायांपासून आरंभ केला जातो. पोटॅशियम नायट्रेटयुक्त पेस्टने मज्जातंतूंची संवेदना मंदावते; मात्र त्यासाठी ती काही आठवडे नियमितपणे वापरावी लागते. दवाखान्यात दात स्वच्छ व कोरडा करून त्यावर 5 टक्के सोडियम फ्लुओराइड असलेले व्हार्निश लावतात. त्यातून तयार होणारे सूक्ष्म कण नलिकांची तोंडे बुजवितात. काही महिन्यांनी हा लेप पुन्हा लावावा लागतो. हिरडीलगत खाच पडली असल्यास ती ग्लास आयोनोमर किंवा रेझिनने भरतात. मूळ बरेच उघडे पडले असेल, तर टाळूवरील ऊतक घेऊन ते शस्त्रक्रियेने झाकता येते. गाभा काढून टाकण्याचा मार्ग अगदी अखेरचा.

तथापि, बुजविलेल्या नलिका पुन्हा उघडू शकतात. मिश्री, कोळसा वा राखेने दात घासणे, ताठ केसांचा ब्रश जोराने आडवा फिरविणे, वारंवार आंबट पेये पिणे या सवयी तशाच राहिल्या, तर दंतवैद्याने लावलेला लेप फार काळ टिकत नाही. उपचाराचा अर्धा भाग दवाखान्यात होतो. उरलेला अर्धा रोग्याच्या स्वतःच्या हाती असतो.