सर्पगंधेची मुळी आणि रक्तदाब

शिरवळसारख्या गावातील दवाखान्यातही आज दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला जातो आणि तो वाढलेला आढळल्यास गोळी दिली जाते. परंतु १९४०च्या दशकात अशी परिणामकारक गोळी जगात जवळजवळ नव्हतीच. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आयुर्वेदाला परिचित असलेल्या सर्पगंधेच्या मुळीचा रुग्णांवर पद्धतशीर अभ्यास केला आणि १९४९मध्ये ५० रुग्णांवरील निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले.

ही मुळी रक्तदाब कसा उतरवते? नॉरअ‍ॅड्रेनालिन हे शरीरातील संदेशवाहक रसायन रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूंना आकुंचन पावण्यास सांगते, आणि वाहिन्या अरुंद झाल्या की रक्ताचा दाब वाढतो. चेतातंतूंच्या टोकांशी ते सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. सर्पगंधेतील रेसर्पिन हे द्रव्य त्या पिशव्या भरू देत नाही, त्यामुळे कणगीबाहेर उघड्यावर पडलेल्या धान्याप्रमाणे नॉरअ‍ॅड्रेनालिन नष्ट होते, संदेश क्षीण होतो आणि वाहिन्या सैलावतात. मेंदूतील साठाही असाच रिता होत असल्याने काही रुग्णांना, विशेषतः मोठ्या मात्रेत, खिन्नता जाणवे, आणि पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर रेसर्पिन मागे पडले. तरीही डॉ. वकील यांच्या कार्याचे मोल त्याने कमी होत नाही. १९५७मध्ये त्यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.