खंडेनवमीचे हत्यार आणि घरातील यंत्र

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, सुताराने करवत, रंधा व पटाशी, गवंड्याने थापी व ओळंबा, माळ्याने कोयता व खुरपे धुऊनपुसून पाटावर मांडावे, त्यांस गंधफूल वाहावे आणि त्या दिवशी त्यांस कामास लावू नये, असा आपल्याकडील जुना प्रघात आहे. आणि ज्या वस्तूवर उपजीविका चालते तीच क्षणाच्या बेसावधपणात घात करू शकते, ही जाणीव वर्षातून एकदा तरी जागी व्हावी, हेही त्या पूजेचे एक प्रयोजन असावे असे मला वाटते. आमच्या विलेपार्ल्यातील घरांत आज पटाशी-कोयत्याच्या जागी ड्रिल मशीन, ग्राइंडर आणि कोठे कोठे साखळीची करवत, म्हणजे चेन सॉ, आली आहे. झेंडूचे फूल तिच्यावरही वाहिले जाते. परंतु त्या फुलामागील सावधगिरी यंत्राबरोबर घरात आलेली नाही.

हाताच्या हत्यारास मनुष्याच्या दंडातील बळ हीच मर्यादा होती. हातकरवत लाकडात अडकली की हात थांबे, हात थांबला की करवत थांबे आणि थकवा आला की काम आपोआप तहकूब होई. यांत्रिक हत्यारास यांपैकी एकही बंधन नाही. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेते, चेन सॉची दातेरी साखळी सेकंदास सुमारे २० मीटर धावते, आणि धोका दिसून हात मागे घेण्यास जेवढा अवधी लागतो तेवढ्यात इजा होऊन चुकलेली असते. म्हणून जी मर्यादा पूर्वी देह घालीत असे ती आता नियमाने घालावी लागते.

आंद्रेआस श्टील या जर्मन अभियंत्याने १९२६ साली विजेवर चालणारी चेन सॉ सिद्ध केली, तेव्हा ती फार जड होती व ती चालवण्यास दोन माणसे लागत. आज ती चार-पाच किलोंची होऊन एका माणसाच्या हाती आली आहे, आणि हा हलकेपणाच फसवा आहे. ज्या पट्टीवर साखळी धावते तिच्या टोकाचा वरचा भाग लाकडास लागला, तर साखळी तेथे क्षणभर अडते आणि सारी पट्टी उलटून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे व मानेकडे उसळते. जाणकार यास किकबॅक म्हणतात. म्हणून टोकाने कधीही कापू नये. यंत्र दोन्ही हातांनी, अंगठे मुठींभोवती वळवून धरावे. ते खांद्याच्या वर नेऊ नये, शिडीवर चढून चालवू नये आणि सुरू करताना जमिनीवर टेकवून, चेन ब्रेक लावूनच सुरू करावे. डोळ्यांस चष्मा, कानांस संरक्षण, पायांत जाड बूट आणि ज्यातील चिवट धागे साखळीत गुंतून तिला जागीच थांबवतात असे मांडीवरील खास आवरण, इतका सरंजाम नसेल तर यंत्रास हात लावू नये.

पार्ल्यात या करवतीची आठवण होते ती वादळपावसाच्या दिवसांत. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा शहरात शेकडो झाडे कोसळली. आणि तसे वादळ नसले तरी गुलमोहराची ठिसूळ फांदी पहिल्या सरींतही कुंपणावर येते. अशी वाकून अडकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते; ताण कोणत्या अंगास आहे हे न ओळखता तिच्यावर करवत चालवली, तर ती सुटून कापणाऱ्यावरच येते. तिला विजेची तार लागलेली असल्यास प्रश्न करवतीचा राहतच नाही. अशा वेळी महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर वर्दी द्यावी व माणसांस दूर ठेवावे. आणि हेही ध्यानात असावे, की महाराष्ट्रातील १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यान्वये आपल्या आवारातील झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील वृक्षांस वारसा वृक्षांचा दर्जा दिला आहे. उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज करून तरबेज माणसाकडून छाटणी करवून घेण्यास जो विलंब लागतो, तो झाडाच्या आणि माणसाच्या दोघांच्याही हिताचा आहे.

घरातील लहान यंत्रांविषयीही अशीच दक्षता हवी. दिवाळीच्या तोंडावर फळी बसवताना वा कंदिलासाठी खिळा मारताना, बटणाच्या सरळ वर-खाली भिंतीत तार असू शकते हे विसरून ड्रिल लावू नये. ड्रिल चालवताना पदर, ओढणी, सैल बाही व हातमोजे यांपासून बिट दूर ठेवावे, कारण फिरते बिट कापड गुंडाळून हातच ओढून घेते. ग्राइंडरचे संरक्षक कवच काढू नये, त्याला लाकूड कापण्याचे दातेरी पाते लावू नये, आणि चकतीवर छापलेली वेगमर्यादा व मुदत वाचल्याखेरीज ती बसवू नये. यंत्रावर चौकोनातील चौकोनाची खूण नसेल तर तीन पिनांचा प्लग व अर्थिंग अनिवार्य समजावे. आणि ३० मिलिॲम्पिअर गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी घरात बसवला आहे किंवा नाही, याची वायरमनकडून रुजुवात करून घ्यावी. पाते वा बिट बदलताना प्लग काढलेला असावा, बटण बंद असणे पुरेसे नाही.

एवढी खबरदारी घेऊनही अपघात झालाच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी, बोट थेट बर्फात घालू नये. विजेचा धक्का बसलेल्यास स्पर्श करण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा.

पुढील खंडेनवमीस यंत्र पाटावर मांडाल, तेव्हा वाचकहो, फूल वाहण्यापूर्वी त्याची तार, कवच व ब्रेक एकवार तपासा, आणि जे मोडके असेल ते दुरुस्त होईतो वापरातून काढून ठेवा. पूजेचा खरा विधी तोच होय.