फार्मसी कॉलेजचा फीडबॅक फॉर्म : कोण वाचतो, काय बदलते?

बी. फार्म.च्या चार वर्षांत आठ सत्रे असतात. अनेक कॉलेजांत सत्र संपताना मुलांच्या हाती एक फॉर्म येतो : शिक्षक वेळेवर येतात का, अभ्यासक्रम पूर्ण झाला का, समजले का? एक ते पाच गुण द्यायचे. बहुतेक मुले डोळे झाकून सगळीकडे पाच लिहितात.

असे का होते? फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या बी. फार्म. नियमांत बहुतेक थिअरी विषयांना १०० पैकी २५ गुण अंतर्गत आहेत. त्यातील १० सातत्यपूर्ण मूल्यमापनाचे असून ३ गुण थेट 'विद्यार्थी-शिक्षक संवादा'चे आहेत. ज्यांच्याबद्दल लिहायचे, गुणही त्यांच्याच हातात! घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली आपली मुलेमुली तर अधिकच बिचकतात. म्हणून फॉर्मवर नाव किंवा रोल नंबर नसावा आणि निकाल लागेपर्यंत तो शिक्षकांना दाखवू नये. एवढे केले तरी मुले खरे लिहू लागतील.

हा फॉर्म निव्वळ उपचार नाही. नॅक मूल्यांकनात विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी व नोकरी देणारे यांचे अभिप्राय घेऊन त्यावर काय कार्यवाही केली, हे कॉलेजला दाखवावे लागत आले आहे. शिवाय नॅकचे स्वतंत्र विद्यार्थी समाधान सर्वेक्षणही असते. त्याची लिंक थेट विद्यार्थ्यांना मिळते.

मात्र या गुणांचीही मर्यादा आहे. जास्त गुण मिळवणाऱ्या शिक्षकांचे विद्यार्थी जास्त शिकतात, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या उट्टल, व्हाइट आणि गोन्झालेझ यांच्या संशोधन-आढाव्यात दिसले नाही. कडक शिक्षकाला कमी आणि गोडबोल्याला जास्त गुण मिळू शकतात. त्यामुळे केवळ सरासरी काढून एखाद्याची पगारवाढ वा नोकरी ठरवणे अन्यायाचे आहे. त्यासोबत सहकारी शिक्षकांनी वर्गात बसून केलेले निरीक्षण आणि प्रश्नपत्रिकांची तपासणीही हवी.

विद्यार्थी नेमके काय सांगू शकतात? तास झाला की नाही, प्रात्यक्षिक स्वतःच्या हाताने केले की नुसते जर्नल उतरवले, उपकरण चालू होते की बंद. याचे त्यांच्याइतके खात्रीचे साक्षीदार दुसरे नाहीत. म्हणून 'शिकवणे बरोबर नाही' असे मोघम लिहू नका. 'टॅब्लेटच्या विरघळण्याची चाचणी फक्त दाखवली, करायला दिली नाही' असे लिहा. अशा नेमक्या तक्रारीकडे दुर्लक्ष करणे कॉलेजला अवघड जाते.

फॉर्म भरल्यावर पुढच्या सत्रात विचारा : मागच्या अभिप्रायावर काय केले? एकट्याने धाडस होत नसेल तर वर्ग प्रतिनिधीमार्फत, सगळ्यांनी मिळून विचारा.

उद्या हीच मुले औषधांच्या दुकानात, दवाखान्यात उभी राहतील. डोस समजावून सांगताना त्यांची चूक झाली, तर ती रुग्णाला भोगावी लागते. म्हणून वर्गात काय कमी पडते हे आजच, त्या फॉर्मवर लिहिले पाहिजे.