फेकण्याची कुऱ्हाड : स्वस्त कोणती?

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी नित्य असते. तीत दोष दांड्याला दिलेला आहे. कुऱ्हाडफेकीच्या खेळातही कुऱ्हाडीच्या बऱ्यावाईटाचा निवाडा व्हावयाचा तो पात्यावरून नव्हे, दांड्यावरूनच.

हा जुना खेळ आज क्लबांतून ज्या रूपात खेळला जातो, त्याचा आरंभ कॅनडातील टोरांटो शहरी २००६ साली एका घराच्या परसात झाला. लाकडी फळ्यांच्या लक्ष्यापासून सुमारे १२ फुटांवर उभे राहून कुऱ्हाड फेकावयाची. हवेत तिची एक गिरकी पूर्ण होऊन पाते लाकडात रुतले पाहिजे. नवशिक्याची कुऱ्हाड मात्र बहुधा दांड्यावरच आपटते. म्हणून स्वस्त कुऱ्हाड घेताना पहिला प्रश्न धारेचा नसतो. दांडा मोडल्यास पुढे काय, हा असतो. बोथट धार कानशीने पुन्हा लावता येते.

कमी किमतीच्या कुऱ्हाडींत साधारणतः तीन प्रकार आढळतात. अखंड पोलादी कुऱ्हाड सहसा मोडत नाही. पण तिचे बरेचसे वजन मुठीकडे जाते आणि काही स्पर्धांचे नियम लाकडी दांड्याचाच आग्रह धरतात. प्लास्टिकच्या दांड्याची कुऱ्हाड हलकी असते व पावसाला भीत नाही. परंतु दांडा तडकला की सारी कुऱ्हाडच टाकून द्यावी लागते. लाकडी दांडा मोडतो खरा, पण तो थोडक्या खर्चात बदलता येतो.

त्यातही दोन जाती आहेत. साध्या कुऱ्हाडीचा दांडा खालून घालून वर पाचर ठोकतात. उत्तर अमेरिकेतील आदिवासींच्या नावाशी निगडित असलेल्या ‘टोमाहॉक’चा दांडा वरून घालतात. तो वरच्या टोकास जाड असल्याने फेकीच्या झटक्याने पाते अधिकच घट्ट बसते. मोडला तर ठोकून काढावा आणि दुसरा सरकवावा. सरावासाठी म्हणूनच ही जात अल्पमोली ठरते.

मात्र लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला धरून सरळ आहेत ना, आणि पाते हलत नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. कारण सुटलेले पाते लक्ष्याकडेच जाईल असे नाही. आणि मागे उभा असलेला गोतच असतो.