गणित घेऊन बी.एस्सी.? मग पुढे काय?

बारावीचा निकाल लागला, की आमच्या अभ्यासिकेत मुलींपेक्षा त्यांच्या आयाच जास्त येतात. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही काही जणी मिळून मुलींसाठी ही अभ्यासिका चालवतो. अभ्यासिका म्हणजे काय, तर एक मोठी खोली, सहा टेबलं, दोन पंखे आणि बचत गटाच्या बायकांनी वर्गणी काढून घेतलेला एक इन्व्हर्टर. ‘नीटला मार्क कमी पडले, आता काय?’, ‘नर्सिंगला घालू की कॉम्प्युटरला?’ असे प्रश्न तर नेहमीचेच. पण एखादी आई खुर्ची जवळ ओढते आणि आवाज खाली आणून सांगते, ‘ताई, ही गणितात बी.एस्सी. करायचं म्हणते. समजवा ना हिला काहीतरी.’

समजवा म्हणजे तिला त्यातून बाहेर काढा, हे मला आता कळतं. साध्या बी.एस्सी.कडे आपल्याकडे लग्न ठरेपर्यंतची सोय म्हणूनच पाहिलं जातं. बायोडाटात ‘शिक्षण चालू’ लिहिता येतं, बस्स! त्यात गणित म्हणजे प्रयोगशाळा नाही, पांढरा कोट नाही, पुढे दवाखाना नाही की कंपनी नाही. मग पुढे काय?

मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झाले. दहावीनंतर गणिताशी माझा संबंध बचत गटाच्या वहीपुरता. तेव्हा उपदेश करण्याआधी आपणच समजून घ्यावं म्हणून मी अभ्यासिकेतल्या गणिताच्या मुलींशेजारी जाऊन बसायला लागले. ‘मला अगदी अडाण्यासारखं सांगा गं,’ म्हटलं. आणि मैत्रिणींनो, खरंच सांगते, मजा आली.

पहिली गोष्ट कळली ती ही, की बारावीचं गणित आणि पदवीचं गणित यांचं नुसतं आडनाव सारखं आहे. बारावीत सूत्र असतं, त्यात आकडे घालायचे, उत्तर काढायचं. पदवीला विचारतात, हे सूत्र खरं कशावरून? सिद्ध कर. पानभर लिहायचं आणि त्यात आकडा जवळजवळ नसतोच. पहिल्या वर्षी कॅल्क्युलस, बीजगणित, पुढे रिअल अॅनालिसिस, ग्रुप थिअरी, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स. नावं ऐकूनच घाम फुटतो. पण आतली कल्पना पाहिली तर ती आपल्या ओळखीची निघते.

एकीने मला भाकरी घेऊन समजावलं. आज अर्धी भाकरी खायची. उद्या उरलेल्याच्या अर्धी. परवा पुन्हा उरलेल्याच्या अर्धी. असं जन्मभर खाल्लं, तर एकूण किती खाल्लं? मी म्हटलं, एक भाकरी, अजून काय! ती म्हणाली, ‘पण काकू, संपली कधी? प्रत्येक दिवशी थोडी उरतेच की.’ मग तिने सांगितलं ते असं. तुम्ही म्हणा, एवढासा कण उरला तरी चालेल. कितीही बारीक कण सांगा. मी तुम्हाला दिवस सांगते, ज्या दिवसानंतर उरलेली भाकरी त्या कणापेक्षा कमीच असेल. दहाव्या दिवशी उरतो १०२४ वा भाग. त्याहून बारीक हवा? मग पुढचा दिवस सांगते. तुम्ही बारीक करत जा, मी दिवस सांगत जाते, आणि कधीच हरत नाही. म्हणून उत्तर नेमकं एक. ‘सीमा’ म्हणजे लिमिट म्हणतात ते हेच. कॅल्क्युलसचा सगळा डोलारा या एका पैजेवर उभा आहे म्हणे!

दुसरीने ग्रुप थिअरीसाठी माझाच रुमाल घेतला. चौकोनी रुमालाच्या एका कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी दिसेल असा लाल दोऱ्याचा टाका घातला आणि तो कोपरा डावीकडे वर ठेवला. रुमाल घड्याळाच्या काट्यासारखा पाव फेरा फिरवला आणि मग पुस्तकाचं पान उलटावं तसा उलटला. टाका पुन्हा डावीकडे वर आला. आता आधी उलटला आणि मग पाव फेरा फिरवला. टाका उजवीकडे खाली! तीच दोन कामं, फक्त क्रम बदलला. आपण शाळेत दोन गुणिले तीन आणि तीन गुणिले दोन सारखंच म्हणून शिकलो, पण जगात सगळंच तसं नसतं. आधी फोडणी आणि मग भाजी, की आधी भाजी आणि मग फोडणी, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तो चौकोनी रुमाल त्याच चौकटीत एकूण आठ तऱ्हांनी बसतो. त्या आठांचा आपसातला व्यवहार कसा चालतो, याचा अभ्यास म्हणजे ग्रुप थिअरीचा पहिला धडा. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीतही हेच दडलेलं असतं.

हे सगळं इतकं गोड असेल तर मुली अडतात कुठे? बहुतेक पहिल्याच वर्षी. आमच्याकडच्या मुली दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी. बारावी कशीबशी सूत्रांवर निभावते. पदवीला मात्र सिद्धता लिहायची म्हणजे इंग्रजी वाक्यं लिहायची, आणि त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी अर्थ पालटतो. ‘प्रत्येकासाठी एक आहे’ आणि ‘एक असा आहे जो प्रत्येकासाठी आहे’ यात जमीन-अस्मानाचा फरक. (प्रत्येक घराला एक नळ आणि सगळ्या गल्लीला मिळून एक नळ, यातला फरक आमच्या बायकांना पाणीटंचाईने चांगलाच शिकवलाय!) मग मुली काय करतात? गाईड आणतात आणि सिद्धता पाठ करतात. काही शिक्षकही सांगतात, परीक्षेला येतं तेवढं करा. पाठ केलेली सिद्धता पेपरात मध्येच एक ओळ विसरली की सगळी कोसळते.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीचं असंच झालं. वडील गॅरेजमध्ये, आई घरी शिवणकाम करते, धाकटा भाऊ दहावीला. बारावीला गणितात उत्तम मार्क, आणि पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलसच राहिला. घरात सुतक आल्यासारखं झालं. नेमकं त्याच महिन्यात पुण्याचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत, माणसं बरी. ‘नाहीतरी विषय राहिलाच आहे, लग्नानंतर बाहेरून करील,’ असं घरातले मोठे म्हणू लागले. मुलगी काही बोलेना. वडिलांनी मला बोलावलं.

मी गेले ते काही मोठं भाषण घेऊन नव्हे. मला फक्त बघायचं होतं, की ही पोर घरी अभ्यास करते कुठे आणि कधी. दोन खोल्यांचं घर. एका कोपऱ्यात शिलाई मशीन, एका कोपऱ्यात ती. तासाभरात मी मोजलं, तिला सात वेळा हाक आली. दूध बघ, दार उघड, भावाची वही शोध. आईचा दोष नव्हता. आई म्हणाली, ‘ताई, ती नुसती बसलेली असते हो. एकच पान घेऊन दोन-दोन तास! पोरगा अभ्यास करतो तर मोठ्याने वाचतो, लिहितो. ही भिंतीकडे बघत बसते.’

आणि इथेच तर सगळी मेख आहे! गणिताचा अभ्यास डोळ्यांना दिसत नाही. इतिहासाची पानं उलटतात, बायॉलॉजीच्या आकृत्या काढाव्या लागतात. गणितवाली मुलगी एका ओळीवर अडली, की भिंतीकडे बघत बसते. आत तिचं चाललेलं असतं. अशा वेळी हाक आली की धागा तुटतो, आणि तो पुन्हा पहिल्यापासून ओवावा लागतो. आईला हे मी तिच्याच भाषेत सांगितलं. ब्लाउजची बाही बसवताना कुणी दहा वेळा उठवलं तर? ती हसली. मग थोडा वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली आणि म्हणाली, ‘कापलेलं कापड मधेच सोडलं तर वायाच जातं. हिचंही आता कापून झालंय. तीन वर्षं पुरी होऊ द्या.’ हे तिने नवऱ्याकडे बघून सांगितलं, माझ्याकडे नाही.

त्यानंतर ठरलं ते इतकंच, की संध्याकाळी सहा ते नऊ ती अभ्यासिकेत, आणि त्या वेळातली तिची कामं भाऊ करणार. भावाने आठ दिवस तोंड फुगवलं. पुण्याच्या स्थळाला नम्रपणे नाही कळवलं. तिने गाईड बाजूला ठेवलं आणि एका सिद्धतेतली प्रत्येक ओळ ‘हे कशावरून?’ असं विचारत सोडवायला घेतली. आधी मराठीत लिहायची, मग इंग्रजीत. राहिलेला विषय पुढच्या खेपेला निघाला. आज ती तिसऱ्या वर्षाला आहे, आणि रविवारी आठवी-नववीच्या मुलींना अपूर्णांक शिकवते.

आमच्या खानदेशात हे होणं मला फार शोभून दिसतं. चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ उभारला, असं १२०७ च्या सुमाराच्या त्या लेखात कोरलेलं आहे. पाटणादेवीला आपण सगळ्या जातो, ओटी भरतो. पण इथे गणिताचं कॉलेज होतं, हे मुलींना कोण सांगतं? त्याच भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. लीलावती त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडून छिद्र बुजलं, मुहूर्त टळला, लग्न राहिलं आणि तिच्या समाधानासाठी वडिलांनी ग्रंथ लिहिला, ही कथा आपण ऐकलेली असते. ती कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून आली आहे. खरं सांगू? मला ती कधीच आवडली नाही. लग्न हुकलं म्हणून गणित! जणू दोन्हींपैकी एकच मिळणार.

त्यापेक्षा मंगला नारळीकरांचं उदाहरण मी मुलींना सांगते. १९६२ मध्ये मुंबई विद्यापीठातून गणित घेऊन बी.ए., १९६४ मध्ये एम.ए. आणि कुलपतींचं सुवर्णपदक. मग लग्न, केंब्रिजचा संसार, मुली. लग्नानंतर सोळा वर्षांनी, १९८१ मध्ये, त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. ‘गणितगप्पा’सारखी पुस्तकं लिहिली, बालभारतीच्या गणित समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या एका मुलीचं नाव लीलावती आहे. तरीही एक मनात येतंच. प्रत्येकीच्या घरी केंब्रिज नसतं. सोळा वर्षांनी धागा पुन्हा हातात घ्यायला आधी तो कुठेतरी नीट गुंडाळून ठेवलेला लागतो, म्हणजे निदान पदवी तरी पुरी झालेली लागते.

आता तो प्रश्न, पुढे काय? सरळ सांगते, बी.एस्सी. झाल्या झाल्या नोकरी दारात उभी राहत नाही. बहुतेक मुलींच्या डोळ्यांसमोर शिक्षिका होणं असतं. त्यासाठी दोन वर्षांचं बी.एड., पात्रता परीक्षा, आणि मग भरतीची वाट पाहणं. ही वाट लांब आहे, ते लपवू नये. पण गणिताची पदवी बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षांना कामाला येते, एम.सी.ए.ला जाता येतं, संख्याशास्त्राकडे वळता येतं, विमा कंपन्यांच्या हिशोबांच्या अॅक्चुअरी परीक्षा देता येतात. आणि एम.एस्सी. करायचं असेल तर ‘जॅम’ नावाची परीक्षा देऊन थेट आयआयटीत प्रवेश मिळतो. हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं! आयआयटी म्हणजे फक्त इंजिनिअरिंग, हीच सगळ्यांची समजूत. या परीक्षेची फी मुलींना कमी असते. अणुऊर्जा विभागाच्या राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या शिष्यवृत्त्याही आहेत.

पदवी करतानाही दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, माधव गणित स्पर्धा. पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून ती सुरू झाली, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. आमची मुलगी दुसऱ्या वर्षी बसली. मार्क विचारू नका, पण येताना बसमध्ये एकाच प्रश्नावर बडबडत आली. दुसरी, एम.टी.टी.एस. हे उन्हाळ्याच्या सुट्टीतलं गणिताचं शिबिर, १९९३ पासूनचं. तिथे पाठांतर नाही, उलट प्रश्न विचारायला लावतात, असं ऐकून आमच्या मुली आधी घाबरल्याच.

बारावीत असलेल्या मुलींच्या आयांनी आणखी एक लक्षात ठेवावं. पुण्याची ‘आयसर’, चेन्नईची मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, बंगळुरूला भारतीय सांख्यिकी संस्थेचं बी.मॅथ., या ठिकाणी प्रवेश परीक्षेवर होतो. निकालानंतर चौकशीला आलात तर अर्जाची तारीख उलटून गेलेली असते. जानेवारीपासूनच लक्ष ठेवावं लागतं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत २०२४-२५ पासून चार वर्षांची ऑनर्स पदवीही आली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं केलं तर एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. चौथं वर्ष आपल्याच कॉलेजात आहे का, हे मात्र प्रवेशाच्या वेळीच विचारा. नसेल तर जळगावला किंवा नाशिकला जावं लागेल, आणि तिथल्या हॉस्टेलचा अर्ज वेगळा असतो, तोही वेळेत भरायचा असतो.