गावाचे सांडपाणी : पालघर-बोईसर परिसरातील एक निकडीचा प्रश्न

विहिरीवरून हंडे आणावे लागत तेव्हा पाणी जपून वापरले जाई आणि सांडपाणीही थोडेच असे. नळयोजना आली की ही स्थिती पालटते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन अभियानात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. त्यातील सुमारे दोन तृतीयांश पाणी मोरीवाटे बाहेर पडते. म्हणजे एक हजार वस्तीच्या गावात रोज सुमारे ३६,००० लिटर सांडपाणी! नळाइतकाच विचार या पाण्याचाही व्हावयास हवा.

पालघर तालुक्यात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि भोवतालच्या गावांत कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेत बोईसरची नोंद शहर म्हणून झाली, कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच होता.

दोन पाण्यांतील भेद

कारखान्यातील पाणी व घरातील पाणी यांत मूलभूत भेद आहे. घरच्या पाण्यातील अन्नकण, साबण व मळ यांचे जिवाणू विघटन करतात. रसायने व जड धातू त्यांना पचत नाहीत. उलट त्यांमुळे जिवाणूच मरतात. म्हणून कारखान्यांचे पाणी गावच्या गटारात वा नाल्यात येता कामा नये. तारापूर वसाहतीतील प्रदूषणाबाबत अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, ती मच्छीमारांच्या उपजीविकेचा प्रश्न होता म्हणूनच.

शोषखड्डा

घरगुती सांडपाण्यासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे शोषखड्डा. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी बसवावी व भोवती दगड भरावेत. गाळ टाकीत बसतो आणि पाणी जमिनीत मुरते. टाकीतील गाळ वेळोवेळी काढणे अगत्याचे आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन डास हटविले. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास हत्तीरोग पसरवितो, हे ध्यानात घेतल्यास या कामाचे मोल कळेल.

तथापि हा उपाय सर्वत्र लागू पडत नाही. किनाऱ्यालगत, खाडीकाठी व भातखाचरांच्या भागात पावसाळ्यात भूजल वर येते. तेथे खड्डा तुंबतो आणि विहीर दूषित होण्याचा धोका असतो. विहिरीजवळ शोषखड्डा कदापि घेऊ नये. शौचालयाच्या टाकीतील पाणीही उघड्या गटारात सोडू नये.

स्थिरीकरण तलाव

अशा गावांनी बंद गटारातून पाणी एकत्र करून एकापाठोपाठच्या तलावांत सोडावे. पहिल्या खोल तलावात गाळ बसून कुजतो. दुसऱ्यात शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते व त्यावर जिवाणू घाण पचवितात. तिसऱ्या उथळ तलावात उन्हामुळे रोगजंतू मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. यंत्र वा वीज लागत नाही. जागा मात्र लागते.

२०२० पासूनच्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावांना या कामासाठी दरडोई २८० रुपयांपर्यंत तरतूद ठेवण्यात आली. पैशापेक्षा दुर्मीळ आहे ती देखभाल. जागेची पाहणी, भूजलाची पातळी आणि गाळ काढण्याची जबाबदारी या तीन बाबी ग्रामसभेने आधी ठरविल्या, तरच केलेले काम टिकेल.